क्रीम स्कॅन करणाऱ्या अॅपला पारा का दिसत नाही?

गेल्या दिवाळीत मावशीकडे नाशिकला गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. माझी मावसबहीण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मोबाइलमधलं काही अडलं तर दादाला विचार" अशी घरात माझी ख्याती असल्यामुळे मी बूट काढायच्या आत तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. साबण, शॅम्पू, क्रीम स्कॅन करून त्यात काय वाईट आहे ते सांगणारं एक अॅप तिने टाकलं होतं, आणि बाथरूममधली एकूण एक वस्तू स्कॅन करून झाली होती. शॅम्पू लाल. बॉडी लोशन नारिंगी. सनस्क्रीन लाल. लाल निघालेलं सगळं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलेलं. त्यात साडेचारशे रुपयांचं, जेमतेम अर्धं वापरलेलं सनस्क्रीनसुद्धा होतं.

आरशाच्या फळीवर मात्र एक छोटा पांढरा डबा तसाच होता. झाकणावर सोनेरी स्टिकर आणि त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. ना बारकोड, ना पत्ता.

"हे काय आहे?"

"नाइट क्रीम. पार्लरवाल्या ताईंकडून घेतलं. इन्स्टावर पण विकतात त्या. दीड महिन्यात केवढा फरक पडलाय बघ ना, दादा."

"हे स्कॅन केलंस?"

"केलं ना. सापडलं नाही असं आलं. पण लाल नाही आलं."

लाल नाही आलं! हा लेख मी त्या तीन शब्दांमुळे लिहितोय. कारण अॅपने चूक केली नव्हती आणि बहिणीनेही तिच्या परीने व्यवस्थितच काम केलं होतं. तरी घरातली सगळ्यात संशयास्पद वस्तू फळीवर राहिली आणि बऱ्यापैकी कामाची वस्तू कचऱ्याच्या वाटेला लागली.

अॅप बघतं तरी काय?

कॅमेरा क्रीमवर धरला की फोन क्रीम "तपासतो" असं आपल्याला वाटतं. तसं काही होत नाही. फोन फक्त बारकोडखालचा १३ आकडी नंबर वाचतो. (हा नंबर ८९० ने सुरू झाला म्हणजे वस्तू भारतात बनली, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. त्याचा अर्थ एवढाच, की तो नंबर जीएस१ इंडिया या संस्थेमार्फत घेतलेला आहे. माल कुठे बनला हे त्यावरून कळत नाही.) हा नंबर अॅपच्या डेटाबेसमध्ये शोधला जातो. तिथे कधी कंपनीने दिलेली, कधी तुमच्याआमच्यासारख्या वापरणाऱ्यांनी लेबलचा फोटो काढून चढवलेली घटकांची यादी असते. ओपन ब्यूटी फॅक्ट्ससारखा डेटाबेस तर असा लोकांनीच भरलेला आहे. कंपनीने मध्येच फॉर्म्युला बदलला आणि कुणी नवीन फोटो टाकला नाही, तर तुम्ही जुन्या शॅम्पूचा निकाल नव्या शॅम्पूला लावताय.

मग त्या यादीतल्या एकेका नावाला अॅप रंग देतं. युका हे मूळचं फ्रान्समधलं अॅप यासाठी बरंच प्रसिद्ध आहे, आता त्याच्यासारखी अनेक आहेत. बऱ्याच अॅप्समध्ये सगळ्यात वाईट शेरा मिळालेला एक घटक पूर्ण बाटलीचा रंग ठरवतो. एआय चॅटबॉटला लेबलचा फोटो दिलात तरी गाडी त्याच रुळावर असते: जे छापलंय ते वाचायचं आणि त्यावर मत द्यायचं.

म्हणजे अॅपकडे दोन गोष्टी नसतात. एक, कोणता घटक किती आहे. दोन, लेबल खरं आहे की नाही. पहिल्यामुळे ते नको तिथे घाबरवतं. दुसऱ्यामुळे जिथे घाबरायला हवं तिथे गप्प बसतं.

प्रमाणाचा थोडा अंदाज मात्र लेबलवरून काढता येतो. नियम असा आहे की १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने. आता यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे प्रिझर्व्हेटिव्ह जास्तीत जास्त १ टक्का वापरायचं असतं. त्यामुळे त्याच्यापुढे जे जे लिहिलंय ते साधारण १ टक्क्याच्या आतलं. "केशर आणि बदामयुक्त" क्रीममध्ये केशर कुठे आहे ते या युक्तीने बघा. हसायला येईल.

लाल रंग कशावरून?

घरातली विळी घ्या. ती धारदार आहे, हा तिचा गुण. बोट कापेल का, हे कोण चिरतंय, किती घाईत चिरतंय आणि बाळ जवळ रांगतंय का यावर ठरतं. रसायनांचंही असंच. एखादा पदार्थ अपाय करू *शकतो* ही एक गोष्ट, आणि तुमच्या शॅम्पूत आहे तेवढ्या प्रमाणात, डोक्यावर दोन मिनिटं ठेवून धुऊन टाकल्यावर अपाय *होईल* का, ही वेगळी गोष्ट. अॅप्स बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीला रंग देतात.

पॅराबेनचं उदाहरण बघण्यासारखं आहे, कारण "पॅराबेन फ्री" हा शब्द आता दर तिसऱ्या बाटलीवर असतो. पॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्ह आहे. पाणी असलेल्या कुठल्याही क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर त्यात बुरशी आणि जिवाणू वाढणार, हे आधी लक्षात घ्या. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या फिलिपा डार्ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या २० गाठी तपासल्या आणि त्यात पॅराबेन सापडल्याचं प्रसिद्ध केलं. बातम्या झाल्या: "क्रीममुळे कॅन्सर". अभ्यासात मात्र तसं म्हटलेलं नव्हतं. निरोगी स्तनातल्या पेशींशी तुलनाही त्यात नव्हती, त्यामुळे पॅराबेनमुळे गाठ झाली असा निष्कर्ष त्यातून निघतच नाही.

मग सगळं थोतांड होतं का? तसंही नाही. काही पॅराबेन शरीरातल्या इस्ट्रोजेन हार्मोनची अगदी दुबळी नक्कल करतात, ही शंका खरी आहे. म्हणून युरोपने २०१४ मध्ये पाच प्रकारच्या पॅराबेनवर बंदी घातली, प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनची मर्यादा खाली आणली, आणि मिथिल व इथिल पॅराबेन एकेकटं असेल तर ०.४ टक्क्यापर्यंत चालेल असं ठेवलं. एकाच आडनावाची ही माणसं, पण सगळ्यांना एकच शिक्षा नाही. अॅपवर मात्र बरेचदा सगळं खानदान लाल.

खरी गंमत पुढे आहे. लोक पॅराबेनला घाबरले म्हणून कंपन्यांनी त्याऐवजी दुसरी प्रिझर्व्हेटिव्ह टाकली. त्यातलं एक मिथिलआयसोथायाझोलिनोन. लेबलवर हे लांबलचक नाव असतं, डॉक्टर त्याला एमआय म्हणतात. त्याने युरोप-अमेरिकेत त्वचेच्या अॅलर्जीची लाट आली. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ मध्ये त्याला "वर्षातलं अॅलर्जन" म्हणून जाहीर केलं. युरोपने २०१७ पासून, न धुता अंगावर ठेवायच्या क्रीममध्ये ते वापरायला बंदी केली. आणि त्याच सोसायटीने २०१९ मध्ये पॅराबेनला चक्क "अॅलर्जन नसलेलं" असं बिरुद दिलं! म्हणजे "फ्री" लिहिलेल्या बाटलीत काय नाही ते मोठ्या अक्षरात आणि त्याजागी काय आलं ते मागे बारीक अक्षरात.

सनस्क्रीनचं काय? बहिणीच्या सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोन होतं, म्हणून लाल. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या संशोधकांनी २४ जणांवर एक छोटा प्रयोग केला. चार दिवस, दिवसातून चार वेळा, अंगाच्या पाऊण भागावर सनस्क्रीन. ऑक्सिबेन्झोनसह काही घटक रक्तात उतरले, आणि आणखी सुरक्षा-चाचण्या लागतील अशी जी पातळी एफडीएने ठरवली आहे तिच्या वर गेले. याचा अर्थ "अपाय झाला" असा नव्हता, "पुढे तपासा" असा होता. सनस्क्रीन वापरणं थांबवू नका, असं एफडीएने त्याच वेळी सांगितलं. ज्यांना तरी नको वाटतं त्यांच्यासाठी झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन बाजारात असतंच. पण काहीच न लावता बारा वाजता उन्हात गाडी चालवणं हा उपाय नव्हे. सल्फेटबद्दल एवढंच सांगतो: त्याने त्वचा कोरडी पडते, डोळे चुरचुरतात, काहींना खाज येते. त्याने कॅन्सर होतो ही अफवा व्हॉट्सअॅपच्या आधीपासूनची, नव्वदच्या दशकातल्या ईमेल फॉरवर्डपासूनची आहे.

लेबलवर नसलेला पाहुणा

आता त्या पांढऱ्या डब्याकडे येऊ.

जानेवारी २०२३ मध्ये अकोल्याच्या एका घराची बातमी आली होती, आठवत असेल. तरुण मुलीने ब्यूटिशियनकडून गोरं करणारं क्रीम घेतलं. फरक दिसला, म्हणून आई आणि बहीणही तेच लावायला लागल्या. काही महिन्यांत तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार झाला. एकाच घरात तिघींना एकदम कसा, म्हणून डॉक्टरांनी शोध घेतला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात मोठ्या प्रमाणात पारा निघाला.

हे अपवादात्मक प्रकरण नाही. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या आजाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यातल्या १५ जणांमध्ये नेल-१ नावाच्या प्रथिनाशी जोडलेला, एरवी क्वचित आढळणारा प्रकार होता. त्या १५ पैकी १३ जणांनी त्रास सुरू होण्याआधी गोरं करणारं क्रीम लावल्याचं सांगितलं. किडनी इंटरनॅशनल या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आहे. या आजारात मूत्रपिंडाची गाळणी सच्छिद्र होते आणि रक्तातली प्रथिनं लघवीवाटे वाहून जातात. म्हणून लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते.

पण क्रीममध्ये पारा टाकतात कशाला? कारण तो काम करतो, हीच तर पंचाईत आहे. आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे असतो आणि मेलॅनिन बनवायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. पारा या एन्झाइमचं काम बंद पाडतो. रंग खरोखरच उतरतो, तोही लवकर आणि स्वस्तात. लावणाऱ्याला वाटतं, क्रीम अस्सल आहे. तेवढ्यात पारा त्वचेतून आत शिरून मूत्रपिंडात साठत असतो. त्यातला थोडा वाफ होऊन श्वासावाटे जातो, थोडा टॉवेलला आणि उशीच्या अभ्र्याला लागतो. म्हणजे क्रीम न लावणाऱ्या घरातल्या लहान मुलांपर्यंतही तो पोचू शकतो.

कायदा याबाबतीत अजिबात मवाळ नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला बंदी आहे. चुकून आलाच तर १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, एवढाच चालतो. डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा ७० पीपीएम आहे. आता हिशोब करा. ५० ग्रॅमच्या डब्यात १ पीपीएम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम पारा. आणि जगभर जप्त झालेल्या क्रीममध्ये हजारो पीपीएम सापडले आहेत. एवढा पारा चुकून येत नाही, तो मोजून टाकावा लागतो. जपानमधल्या मिनामाता शहरात कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने माणसं अपंग झाली, मेली. त्या शहराच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि पाराघातली प्रसाधनं बंद करायची असं त्यातही आहे.

बंदी असलेली वस्तू कोण लेबलवर लिहील? क्वचित कुणी लिहितं, तेव्हा कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी अशी नावं असतात. आणखी एक खूण मला फार चमत्कारिक वाटते: "सोनं, चांदी, अॅल्युमिनियम, रबर आणि दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना. पारा या धातूंना धरतो, म्हणून ती सूचना. चेहऱ्याला चालणाऱ्या क्रीमला अंगठीचं वावडं का असावं, हा प्रश्न डबा हातात घेतला की पडायला हवा.

फोनच्या कॅमेऱ्याने पारा का दिसत नाही, हेही सांगतो, कारण "आता एआय आहे, कॅमेऱ्यातूनच कळेल" असं मला दोघातिघांनी विचारलंय. कॅमेरा वस्तूवरून परतलेला लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मोजतो. पांढऱ्या क्रीममध्ये मिसळलेला पारा त्या प्रकाशात काहीच वेगळं करत नाही. तो पकडायला एक्स-रे फ्लुरोसन्स नावाचं यंत्र लागतं. ते साधारण पिस्तुलासारखं दिसतं. क्रीमवर एक्स-रे सोडले की त्यातल्या प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे एक्स-रे परत सोडतात. पाऱ्याची ऊर्जा वेगळी, झिंकची वेगळी, शिशाची वेगळी. मिनिटाभरात कळतं. तुमच्या फोनमध्ये कितीही मेगापिक्सेल असले तरी ही सोय नाही.

दुसरा पाहुणा: स्टेरॉइड

पाऱ्याइतकाच, कदाचित आपल्याकडे त्याहूनही जास्त घरांत पोचलेला प्रकार म्हणजे स्टेरॉइडवाली क्रीम. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन. ही चांगली औषधं आहेत. एक्झिमा, सोरायसिसला डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी देतात. ती शेड्यूल एच मध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. २०१८ मध्ये सरकारने यातल्या अनेक क्रीमसाठी हा नियम कडक केला. तरी मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेली ट्यूब "फेअरनेस क्रीम" म्हणून मैत्रिणी एकमेकींना सुचवतात आणि मेडिकलवाला काही न विचारता देतो. कधी ट्यूबमधलं क्रीम साध्या क्रीममध्ये कालवून बिननावाच्या डब्यात भरलं जातं.

सुरुवातीला चेहरा खरंच खुलतो, कारण स्टेरॉइड त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि पुरळ, लाली दाबतं. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते, मुरमं येतात. थांबवलं की चेहरा भडकतो, लाल होतो, जळजळतो. मग माणूस म्हणतो, "क्रीम बंद केल्यामुळेच असं झालं," आणि पुन्हा लावतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस असं नावच दिलं आहे, एवढे रुग्ण त्यांच्याकडे येतात. अनेक महिने लावत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून थांबवा.

आणि ते आधीचा-नंतरचा फोटो प्रकरण. बऱ्याच फोनचा सेल्फी कॅमेरा आपण काही न करताच चेहरा गुळगुळीत आणि उजळ करतो. त्यात खिडकीकडे तोंड केलं की झालं. पार्लरच्या स्टेटसवरचा "१५ दिवसांत रिझल्ट" यातला निम्मा रिझल्ट फोनचा असतो.

पार्लरमधलं केराटिन

केस सरळ करायला जाणाऱ्यांसाठी हा भाग. जुन्या केराटिन ट्रीटमेंटमध्ये फॉर्माल्डिहाइड असायचं, किंवा गरम इस्त्री फिरवली की ते बाहेर पडायचं. माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत ते पहिल्या गटात आहे. मग "फॉर्माल्डिहाइड फ्री" आलं आणि त्यातल्या काहींमध्ये ग्लायऑक्सिलिक अॅसिड आलं. मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीबद्दल छापून आलं. २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षी केस सरळ करून घेतल्यावर तिच्या मूत्रपिंडाचं काम अचानक ढासळलं होतं. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून बघितलं, तर त्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक निघाले. ग्लायऑक्सिलिक अॅसिड त्वचेतून आत जाऊन ऑक्झलेट बनतं, असा त्यांचा निष्कर्ष. पार्लरमध्ये बाटली मागून घ्या आणि मागचं वाचा. डोक्याला जळजळ झाली तर "थोडं सहन करा" हे ऐकू नका, धुवायला सांगा.

लग्नसराईतल्या "काळ्या मेंदी"चंही एका वाक्यात सांगतो. मेंदीचा रंग तांबूस-तपकिरी येतो, काळाकुट्ट आणि तोही तासाभरात येत असेल तर त्यात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी आहे आणि त्याने हातावर नक्षीच्या आकाराचे फोड उठू शकतात. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल असेल तर काहींच्या कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. तसं दिसलं तर टिकली लगेच बंद. आणि "घरगुती आहे, केमिकल नाही" म्हणून लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना: लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन असतात, उन्हात त्यांनी कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. लिंबालाही बारकोड नसतो.

मग फोनचा उपयोग काय?

आहे, भरपूर आहे, फक्त प्रश्न बदलायचा. "यात कोणता घटक वाईट आहे?" याच्या आधी "हे बनवलं कुणी?" हे विचारायचं. मी आता अशा पद्धतीने बघतो. डब्यावर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आहे का? परदेशी असेल तर आयातदाराचा पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का? अक्षरं बारीक असतात, तिथे गूगल लेन्सने मजकूर उचलून मोठा करा. पत्ता नकाशात टाकून बघा, तिथे कारखाना आहे की मोबाइल रिचार्जचं दुकान. ऑनलाइन घेत असाल तर मूळ देश आणि विक्रेत्याचं नाव पानावर द्यावंच लागतं, ते वाचा. यातलं काहीच नसेल तर पुढे घटकांची यादी वाचण्यात अर्थ नाही. अॅपमध्ये "सापडलं नाही" हा माझ्या लेखी लालच्याही वरचा रंग आहे.

हे सगळं असलेल्या वस्तूसाठी मात्र अॅप मस्त आहे. तुम्हाला एखाद्या घटकाची अॅलर्जी असेल, समजा एमआयची किंवा एखाद्या सुगंधाची, तर दुकानात उभं राहून ते शोधायला अॅपसारखी सोय नाही. रंगाकडे दुर्लक्ष करून घटकाच्या नावावर बोट ठेवा आणि तो कशासाठी आहे ते वाचा. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघणं, हे तर फोनशिवायही जमतं.

बिननावाचं क्रीम काही आठवडे लावलं असेल तर लघवीची साधी तपासणी करून घ्या. लॅबमध्ये "युरिन रुटीन" म्हणतात, स्वस्त असते, त्यात प्रथिनं जातायत का ते कळतं. डॉक्टरांना क्रीमबद्दल आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. डबा फेकू नका, सिंकमध्ये धुऊ तर मुळीच नका. झिप पिशवीत बंद करून ठेवा. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

त्या डब्याचं पुढे काय झालं

बहिणीने त्या रात्री क्रीम लावलं नाही. तिसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद झाला आणि तिने मला फोन करून रडत रडत ऐकवलं, की सगळं तुझ्यामुळे झालं. मावशी तिला स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाल्या, लक्षणं स्टेरॉइडची दिसतायत. पण डब्यात दुसरं काय असेल सांगता येत नाही, युरिन बघून घेऊ. रिपोर्ट नॉर्मल आला. चेहरा शांत व्हायला जवळजवळ दोन महिने लागले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सनस्क्रीन लावतेस ना? ते पिशवीतून परत फळीवर आलं.

डबा घेऊन मी आणि मावशी पार्लरमध्ये गेलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. त्या ताईंनी ऐकून घेतलं, मग ड्रॉवर उघडून अगदी तसाच अर्धा संपलेला डबा टेबलावर ठेवला. "मी स्वतः दोन वर्षं हेच लावते हो, दादा. होलसेलवाला पार्सलने पाठवतो, बिल पण देत नाही." त्यांच्या गालावर त्या बारीक लाल शिरा होत्या. आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

थोड्या वेळाने, दुसरं गिऱ्हाईक आत गेल्यावर, त्यांनी हळूच विचारलं, "ती युरिनची टेस्ट उपाशीपोटी करावी लागते का?"